टोकियोमार्गे मॉरिस, शिकागोमार्गे बाऊहाउस: कोरियातल्या डिझाइन-शिक्षणाची घडण

सोलमधल्या होंगिक विद्यापीठाच्या परिसरात कलाशाखेच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणारे क्लास दाटीवाटीने आहेत. डिझाइनला जायचं असलेली कोरियन मुलं कित्येक दशकं अशा क्लासांत दोन गोष्टी घोटत आली. पहिली, प्लास्टरच्या पुतळ्यावरून रेखाटन. पुतळेही ठरलेले: रोमन सेनापती अग्रिप्पा, मायकेलअँजेलोचा जुलियानो मेदिची, व्हीनस. दुसरी 'गुसोंग', म्हणजे दिलेले आकार किंवा वस्तू घेऊन पोस्टर कलरने केलेली सपाट, काटेकोर रंगरचना. कडा कुठेही थरथरता कामा नये, रंगाच्या छटा पायरी-पायरीने उतरत गेल्या पाहिजेत.

जी मुलगी उद्या रेडिओ, पोस्टर नाहीतर खुर्ची डिझाइन करणार आहे, तिचा हात अग्रिप्पाच्या नाकावर का तयार करायचा? याचं उत्तर शोधायला लागलं की कोरियातल्या डिझाइन-शिक्षणाचा सगळा प्रवास हाती लागतो. पुतळा आला युरोपातल्या जुन्या कला-अकादमींतून, टोकियोमार्गे. गुसोंगचं मूळ जर्मनीतल्या बाऊहाउस या कला-डिझाइनच्या शाळेत; तेही आधी टोकियोला उतरलं आणि मग सोलला पोचलं. या दोन्हींच्या सोबत आणखी एक सामान आलं: डिझाइन म्हणजे काय, ते कुठे जन्मलं आणि कुणी वाढवलं, याची एक तयार कहाणी. माझ्या मते तंत्रांपेक्षा या कहाणीचा कोरियावर जास्त खोल परिणाम झाला. कारण तंत्र वापरता वापरता बदलतं. कहाणी मात्र आपण कुठे उभं राहायचं ते आधीच ठरवून टाकते.

ती तयार कहाणी

जगात कुठेही डिझाइनच्या इतिहासाचा तास बहुधा १८५१ सालच्या लंडनपासून सुरू होतो. काचेच्या भव्य क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या प्रदर्शनात यंत्रांवर बनलेल्या, नक्षीने लडबडलेल्या वस्तूंचा ढीग होता. इंग्रज डिझाइनर विल्यम मॉरिससारख्या लोकांना त्या मालाचा आणि तो बनवणाऱ्या कामगाराच्या हालांचा, दोन्हींचा उबग आला. त्यांनी हातकामाची प्रतिष्ठा परत आणायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या वस्तू इतक्या महाग झाल्या की त्या श्रीमंतांच्याच घरी गेल्या. मग १९०७ साली जर्मनीत वेर्कबुंड नावाची संस्था निघाली. कलावंत आणि कारखानदार यांनी एकत्र बसायचं, यंत्राला नाकारायचं नाही, हा तिचा आग्रह. १९१९ साली वायमारमध्ये वॉल्टर ग्रोपियसने बाऊहाउस सुरू केलं. ते पुढे डेसाऊला गेलं, मग बर्लिनला, आणि १९३३ मध्ये नाझींच्या दडपणाखाली बंद पडलं.

या घटना एका ओळीत बसवून 'ही आधुनिक डिझाइनची वंशावळ' असं ठामपणे सांगणारं पुस्तक १९३६ साली लंडनमध्ये निकोलाउस पेव्हस्नर यांनी लिहिलं. ओळ सरळ होती, मॉरिसपासून ग्रोपियसपर्यंत. पेव्हस्नर स्वतः जर्मनीतून आलेले; ज्यू कुळातले म्हणून नाझींच्या राज्यात त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली होती. ज्या जर्मन आधुनिकतेला तिच्याच देशात हाकललं जात होतं, तिची मुळं इंग्लंडच्या मातीत आहेत असं इंग्रज वाचकाला पटवायची निकड त्या पुस्तकामागे होती. हे लक्षात ठेवून वाचलं तर ते एका माणसाचं कळकळीचं प्रतिपादन वाटतं. अभ्यासक्रमात शिरल्यावर मात्र त्याची सनावळी झाली.

या कहाणीतला प्रत्येक टप्पा आधीच्या एखाद्या दुखण्यावरचा उपाय आहे. गिरण्यांचा धूर, कामगारांची वस्ती, महायुद्धात हरलेल्या जर्मनीतली टंचाई, ही ती दुखणी. कोरियाकडे उपायांची यादी आली. दुखणी मात्र त्याची वेगळी होती: राजसत्तेचा अंत, परक्यांचं राज्य, फाळणी, युद्ध.

पहिला मुक्काम: टोकियो

खरं तर कोरिया या मंचावर अगदीच अनोळखी नव्हता. १८९३ च्या शिकागोच्या आणि १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत कोरियाची दालनं होती. पण १९१० मध्ये जपानने देश गिळला आणि जगाकडे जाणारी प्रत्येक वाट टोकियोच्या दारातून जाऊ लागली.

जपानने स्वतः हा धडा थोडा आधी गिरवला होता. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात जपान सरकारने पहिल्यांदा अधिकृतपणे भाग घेतला आणि युरोपला कोणत्या वस्तू आवडतात, काय खपतं, याचा अंदाज घेतला. निर्यातीच्या कलावस्तूंसाठी नमुने काढणं हा एक व्यवसाय झाला. १८९६ साली टोकियो ललितकला विद्यालयात त्यासाठी स्वतंत्र विभाग निघाला. इम सुक-जे हा या विभागात शिकून १९२८ मध्ये बाहेर पडलेला पहिला कोरियन. त्याच वर्षी त्याने 'दोंग-आ इल्बो' या दैनिकात हस्तकला आणि नक्षी-आरेखन यांच्या नात्यावर लेख लिहिला. कोरियन भाषेत डिझाइनवर झालेल्या अगदी सुरुवातीच्या लेखनात त्याची गणना होते. त्याच्या मागोमाग ली सून-सोक शिकून आला आणि १९३१ मध्ये त्याने सोलमध्ये आपल्या आरेखनांचं प्रदर्शन भरवलं. त्याने शहरात 'नाकरांग पार्लर' नावाचं कॅफेही काढलं आणि तिथे लेखक-चित्रकारांची बैठक जमू लागली.

त्या वर्तुळातला यी सांग मला फार महत्त्वाचा वाटतो. आज तो कवी म्हणून ओळखला जातो, पण त्याचं शिक्षण वास्तुशास्त्राचं. वसाहतीतल्या वास्तुविषयक मासिकाच्या मुखपृष्ठ-स्पर्धेत पहिला आणि तिसरा, असे दोन्ही क्रमांक त्याचे. १९३६ मध्ये त्याने किम गी-रिमच्या 'गिसांग-दो' या काव्यसंग्रहाची मांडणी केली. नक्षी नाही, फुलं नाहीत, चित्र नाही. युरोपातली नवी मांडणी टोकियोच्या मासिकांतून वाचून, पचवून, सत्तावीस वर्षांचंही आयुष्य न लाभलेल्या या तरुणाने ती कोरियन कवितेसाठी वापरली. डिझाइनचे धडे कुणी दिले नव्हते तरी काम चालू होतं, याचा हा पुरावा.

वसाहतीच्या व्यवस्थेत कोरियन वस्तूला मान मिळे तोही ठरावीक चौकटीत. जपानी सरकारने १९२२ पासून भरवलेल्या जोसोन कला प्रदर्शनात १९३२ मध्ये हस्तकलेचा विभाग आला. तिथे परीक्षक जपानी, आणि कोरियन कलावंताकडून अपेक्षा 'स्थानिक रंगा'ची. म्हणजे आधुनिक व्हायचं तर टोकियोसारखं, आणि कोरियन राहायचं तर जुनं, ग्रामीण, हळवं.

याच काळात यानागी मुनेयोशी या जपानी विचारवंताने कोरियन भांड्यांवर मनापासून प्रेम केलं. १९२२ मध्ये त्याने सोलमधलं ग्वांगह्वामुन हे राजद्वार पाडण्याविरुद्ध आवाज उठवला आणि १९२४ मध्ये राजवाड्याच्या आवारातच कोरियन लोककलांचं संग्रहालय उघडलं. अनामिक कारागिराच्या रोजच्या वापरातल्या वस्तूत खरं सौंदर्य असतं, हा त्याचा विचार इंग्रज कलासमीक्षक रस्किन आणि मॉरिस यांच्या घराण्याशी नातं सांगणारा. पण कोरियन सौंदर्य हे 'दुःखाचं सौंदर्य' आहे, असंही त्याने म्हटलं आणि ते शब्द कोरियाला चिकटून बसले. त्याच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. तरी ज्याच्या राज्याने दुःख दिलं, त्याच देशातल्या माणसाने ते दुःख या लोकांचा स्वभावच आहे असं ठरवावं, यातला अन्याय पुढच्या कोरियन अभ्यासकांनी अनेकदा दाखवून दिला आहे, आणि तो खरा आहे. को यू-सोप हा पहिला कोरियन कला-इतिहासकार. त्याचंही शिक्षण सोलमधल्या जपानी शाही विद्यापीठात सौंदर्यशास्त्रात झालं. त्याने वेगळं सूत्र मांडलं: कौशल्यावाचूनचं कौशल्य, आराखड्यावाचूनचा आराखडा. यातला 'आराखडा' हा शब्द डिझाइनवाल्यांनी पुढे पुन्हा पुन्हा उचलला. पण को १९४४ मध्येच गेला, स्वातंत्र्याच्या एक वर्ष आधी.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. १९२५ च्या पॅरिसच्या सजावटी कलांच्या प्रदर्शनावरून 'आर्ट डेको' हे नाव पडलं. डिझाइनच्या इतिहासाचं असं पुस्तक नसेल ज्यात त्याचा उल्लेख नाही. त्या प्रदर्शनात जोन सोंग-ग्यू आणि किम बोंग-र्योंग या दोन कोरियन कारागिरांना शिंपल्याच्या जडावाच्या लाखकामासाठी पारितोषिकं मिळाली होती. आर्ट डेकोचा धडा सोलमध्ये शिकवताना कितीतरी वर्षं ही दोन नावं त्यात नव्हती.

दुसरा मुक्काम: ओहायो आणि शिकागो

१९४५ मध्ये जपानी गेले. डिसेंबरमध्येच टोकियोत शिकलेल्या हान होंग-थेकने काही सहकाऱ्यांसोबत औद्योगिक कलाकारांची संघटना उभारली. १९४६ मध्ये सोल नॅशनल युनिव्हर्सिटीच्या ललितकला महाविद्यालयात आरेखनाचा विभाग निघाला, तोच पुढे उपयोजित कला विभाग झाला. ली सून-सोक तिथे शिकवू लागला. होंगिकमध्ये १९४९ ला कला विभाग आला, त्याचा पहिला प्रमुख बे उन-सोंग. हा माणूस बर्लिनमध्ये शिकलेला, युरोपात वर्षानुवर्षं राहिलेला, म्हणजे टोकियोची चाळणी न लागता पश्चिम पाहिलेला. पण १९५० च्या युद्धात तो उत्तरेला गेला आणि दक्षिणेत त्याचं नाव काढणंही अवघड झालं. एक थेट वाट अशी बंद झाली.

युद्ध थांबलं तेव्हा देश उद्ध्वस्त होता आणि अमेरिकी मदतीवर उभा होता. त्या मदतीचाच एक भाग म्हणून ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावच्या स्मिथ, शेर अँड मॅकडरमॉट या डिझाइन कंपनीला काम मिळालं आणि १९५८ मध्ये सोलमध्ये कोरियन हस्तकला प्रात्यक्षिक केंद्र उघडलं. संचालक होते शिकागोचे डिझाइनर नॉर्मन डिहान. कोरियात कोणकोणती हातकामं टिकून आहेत ते पाहायचं, त्यातून अमेरिकन घरात खपतील असे नमुने बनवायचे, कारागिरांना ते शिकवायचे, आणि निवडक तरुणांना शिकायला अमेरिकेत पाठवायचं, असं कामाचं स्वरूप. केंद्र १९६० मध्ये बंदही झालं. दोन वर्षांचा हा उद्योग, पण कोरियन डिझाइनच्या इतिहासात त्याला टाळून पुढे जाता येत नाही.

शीतयुद्धाच्या त्या वर्षांत अमेरिकेचे डिझाइनर आशियाभर फिरत होते. रसेल राइट आग्नेय आशियात जाऊन आले. चार्ल्स आणि रे ईम्स यांचा भारताविषयीचा अहवालही १९५८ सालचाच, आणि त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. ईम्स दांपत्याने मात्र साध्या लोट्यापुढे थांबून तो कसा घडला असेल, त्यामागे किती पिढ्यांचे प्रश्न असतील, असं विचारलं होतं. सोलच्या केंद्राचा प्रश्न जास्त रोकडा होता: हे न्यूयॉर्कच्या दुकानात खपेल का? उपाशी देशात हा प्रश्न विचारणं चूक नव्हतं. पण डिझाइन म्हणजे परक्या गिऱ्हाइकाच्या नजरेने आपल्या वस्तूकडे पाहणं, ही सवय तिथे पक्की झाली, असं मला वाटतं.

अमेरिकेला गेलेल्यांत मिन चोल-होंग होता. तो शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकला. तिथल्या डिझाइन संस्थेचं मूळ १९३७ मध्ये लास्लो मोहॉय-नॉज यांनी काढलेल्या 'न्यू बाऊहाउस'मध्ये. मोहॉय-नॉज डेसाऊच्या बाऊहाउसमधले शिक्षक. मिन परत आला, सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकवू लागला आणि कोरियातल्या औद्योगिक डिझाइनरांच्या पहिल्या पिढीचा चेहरा ठरला. म्हणजे बाऊहाउस कोरियात दोनदा आलं: एकदा टोकियोहून रंगरचनेच्या रूपाने, आणि मग शिकागोहून उत्पादनशास्त्राच्या रूपाने.

टोकियोकडून आलेला धागा असा. बाऊहाउसमध्ये शिकून आलेल्या जपानी विद्यार्थ्यांकडून आणि जर्मन पुस्तकांतून तिथल्या पायाभूत अभ्यासक्रमाची माहिती जपानला मिळाली. कावाकिता रेनशिचिरो यांनी १९३४ मध्ये सहकाऱ्यासोबत तिचं शाळांसाठी जाडजूड पाठ्यपुस्तक केलं आणि त्या पद्धतीला 'कोसेई', म्हणजे रचना-शिक्षण, म्हटलं. तेच शब्दचिन्ह कोरियन उच्चारात 'गुसोंग'.

आता मूळ अभ्यासक्रम कसा होता ते जवळून पाहू. बाऊहाउसमध्ये योझेफ आल्बर्स विद्यार्थ्यांना कागद देत आणि सांगत, यातून काहीतरी उभं करा, वाया काही घालवू नका. डिंकाशिवाय, नुसती घडी घालून, चिरून, वाकवून. पडणारा कागद कुठे घडी घातली की ताठ उभा राहतो, हे हाताला कळलं पाहिजे. या धड्यामागे दोन कारणं होती: जर्मनीत पैशाची आणि मालाची चणचण होती, आणि जुन्या अकादमीतली पुतळे गिरवण्याची सवय मोडायची होती.

सोलमध्ये हा धडा प्रवेशपरीक्षेला पोचला तेव्हा त्याचं सपाट रंगचित्र झालं होतं आणि शेजारी अग्रिप्पा बसला होता. जी सवय मोडायला हा धडा जन्मला, त्याच सवयीच्या जोडीने तो गुणांसाठी घोटला जाऊ लागला. यात कोरियन शिक्षकांना बोल लावावासा वाटत नाही. हजारो मुलं, मोजक्या जागा, निःपक्षपाती गुणदान हवं. कडा सरळ आहे की नाही हे परीक्षकाला दिसतं, विद्यार्थ्याला कागद समजला की नाही हे दिसत नाही. पण टंचाईतून शिकायचा धडा, खऱ्या टंचाईत जगणाऱ्या शहरात, टंचाईशी संबंध तोडून शिकवला गेला. याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

निर्यातीचा हुकूम आणि लेखनाची सुरुवात

१९६४ मध्ये कोरियाची वार्षिक निर्यात दहा कोटी डॉलरवर गेली तेव्हा देशाने 'निर्यात दिन' साजरा केला. १९७७ मध्ये आकडा एक हजार कोटी डॉलर झाला. या दोन आकड्यांच्या मधल्या काळात कोरियन डिझाइन ही सरकारी बाब बनली. १९६६ मध्ये व्यापार-उद्योग कलांचं राष्ट्रीय प्रदर्शन सुरू झालं. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी स्वतःच्या अक्षरात 'कला-निर्यात' असे शब्द लिहून दिले. १९७० मध्ये आधीच्या संस्था एकत्र करून कोरिया डिझाइन अँड पॅकेजिंग सेंटर स्थापन झालं. डिझाइन आणि खोक्याची बांधणी एकाच नावात बसवली, यावरून सरकारला काय हवं होतं ते स्पष्ट होतं: माल बोटीवर चढताना चांगला दिसावा.

डिझाइनवरचं नियमित लेखनही याच सुमारास आकाराला आलं. या केंद्राचं स्वतःचं नियतकालिक होतं. वास्तुविशारद किम सू-गुन यांनी १९६६ मध्ये 'गोंगगान' सुरू केलं होतं. १९७६ मध्ये 'डिझाइन' आणि १९७७ मध्ये 'क्कुमिम' ही मासिकं आली. लिहिणारे बहुतेक प्राध्यापकच, आणि त्यातल्या वयाने मोठ्या मंडळींचं शालेय शिक्षण जपानीत झालेलं. त्यामुळे इंग्रजी-जर्मन विचार पुष्कळदा जपानी पुस्तकांतून त्यांच्यापर्यंत येत. लेखन समजावणीचं होतं: मॉरिस कोण, बाऊहाउस काय, 'रूप कार्याला अनुसरतं' म्हणजे काय, अमेरिकेत कंपन्या आपली ओळख कशी घडवतात. जंग शी-ह्वा यांचं कोरियातल्या आधुनिक डिझाइनवरचं पुस्तक १९७६ चं. देशातल्या कामाकडे सलगपणे पाहण्याचा तो सुरुवातीचा एक मोठा प्रयत्न.

या पिढीला नुसतं 'नक्कल केली' म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही. डिझाइनर म्हणजे लेबल रंगवणारा, असं मानणाऱ्या कारखानदारासमोर उभं राहायला त्यांना काहीतरी भक्कम आधार हवा होता. युरोपच्या इतिहासाने तो दिला. आपलं काम शोभेचं नाही, त्याला विचार आहे, शंभर वर्षांची परंपरा आहे, असं म्हणता येऊ लागलं. विद्यापीठात विभाग टिकले, नोकऱ्या निर्माण झाल्या, ते या युक्तिवादाच्या जोरावर.

किंमतही मोजावी लागली. इतिहासाचे दोन कप्पे झाले. 'आधुनिक डिझाइनचा इतिहास' या कप्प्यात लंडन, वायमार, शिकागो. 'परंपरा' या कप्प्यात चिनी मातीची भांडी, लाकडी कपाटं, राजवाड्यांची रंगीत नक्षी. कोरियाचा आधुनिक काळ यातल्या कुठल्याच कप्प्यात मावत नव्हता, आणि ज्या लोकांनी तो काळ खरोखर घडवला ते दोन्हींच्या फटीतून खाली पडले.

फटीतून पडलेली माणसं

गोंग ब्योंग-ऊ हे डोळ्यांचे डॉक्टर. कोरियन लिपी हानगुल ही अक्षरं जोडून एकेक चौकोनी ठोकळा करून लिहितात: सुरुवातीचं व्यंजन, स्वर, आणि असलं तर शेवटचं व्यंजन, सगळं एका चौकोनात. शेजारी कोण बसतंय त्यानुसार अक्षर आक्रसतं, लांबतं. आजच्या लिपीत असे एकूण ११,१७२ ठोकळे शक्य आहेत. जोडाक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या जुळाऱ्याला हे दुखणं लगेच समजलं असतं. टाइपरायटरवर इतक्या कळा कशा बसवणार? गोंग यांनी १९४९ मध्ये जो टाइपरायटर बनवला त्यात कळांचे तीनच संच होते: पहिलं व्यंजन, स्वर, शेवटचं व्यंजन. अक्षराने आकार बदलायचाच नाही. त्यामुळे छापलेल्या ओळीचा खालचा काठ वर-खाली झाला, चौकोन मोडला आणि पुष्कळांना ते कुरूप वाटलं. पण टंकन वेगवान झालं. यंत्र काय करू शकतं, माणसाला काय हवं आणि लिपीचं मूळ तत्त्व काय, या तिन्हींचा एकत्र विचार करणारं हे डिझाइन होतं. ते करणारा माणूस कोणत्याही कलाशाळेचा नव्हता.

दुसरा चोई जोंग-हो. १९५० च्या दशकापासून त्याने पुस्तकांच्या छपाईसाठी हानगुलची मूळ अक्षरं हाताने, एकेक ठोकळा करून काढली. पुढे फोटो-टाइपसेटिंगच्या यंत्रांसाठी जपानी कंपन्यांनीही त्याच्याकडून अक्षरं काढून घेतली. कोरियन माणूस पुस्तक उघडून जे अक्षर वाचत आला, त्याचा चेहरा बऱ्याच अंशी या माणसाच्या हातचा आहे. वर्गात मात्र मुलं स्विस टाइपफेसची नावं पाठ करत होती.

तिसरा पार्क योंग-ग्वी. १९५९ मध्ये गोल्डस्टार कंपनीने देशातला पहिला रेडिओ, ए-५०१, बाजारात आणला. त्याचं बाह्यरूप पार्कने केलं. कोरियन कंपनीच्या पगारावरचा पहिला औद्योगिक डिझाइनर तोच मानला जातो. परदेशी रेडिओचे नमुने समोर, सुटे भाग अर्धे बाहेरचे, साचे बनवायचा अनुभव कुणालाच नाही. या परिस्थितीत घेतलेल्या निर्णयांचा अभ्यास कोरियन विद्यार्थ्याला जेवढं शिकवेल तेवढं डेसाऊच्या दिव्याचं छायाचित्र शिकवणार नाही.

हत्यार तेच, काम आपलं

बदलाची सुरुवात वर्गाबाहेर झाली. हान चांग-गी हे एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या कोरियन शाखेचे प्रमुख; इंग्रजी ज्ञानकोश विकून त्यांनी नाव कमावलं. मार्च १९७६ मध्ये त्यांनी 'प्पुरी गिपुन नामू', म्हणजे खोल मुळांचं झाड, हे मासिक काढलं. चिनी अक्षरं न वापरता पूर्ण हानगुल, आडव्या ओळी, आणि कलासंपादक ली सांग-चोल यांनी ठरवलेला पक्का ग्रिड, म्हणजे पानावरचा मजकूर बसवायची उभ्या-आडव्या रेषांची चौकट. ग्रिड ही युरोपची देणगी. पण हान यांचा हेतू शेतकऱ्याची, कुंभाराची, पान्सोरी ही कथागीतं गाणाऱ्याची भाषा सन्मानाने छापायचा होता, आणि त्यासाठी पान स्वच्छ, वाचायला सोपं हवं होतं. त्यांच्या हातात ग्रिड परक्याचा राहिला नाही, कारण त्यांना सोडवायचा प्रश्न स्वतःचा होता. १९८० मध्ये नव्या लष्करी राजवटीने मासिक बंद पाडलं.

१९८५ मध्ये आन सांग-सू यांनी आपल्या नावाचा टाइपफेस केला. अक्षराने आकार बदलायचा नाही, चौकोन मोडायचा, ही गोंग यांच्या टाइपरायटरची दिशा त्यांनी जाणीवपूर्वक पुढे नेली. शेवटचं व्यंजन सरळ खाली लोंबतं, ओळीचा वरचा काठ सरळ आणि खालचा मोकळा. आन होंगिकमध्ये शिकलेले, बाऊहाउसची भाषा त्यांना येत होती. भूमितीतल्या साध्या आकारांतून अक्षर घडवणं तिकडूनही आलं आणि पंधराव्या शतकातल्या हानगुलच्या मूळ रचनेतूनही. इथे दोन कप्प्यांमधली भिंत पडली.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकने हा प्रश्न सगळ्या देशासमोर आणला. यांग सुंग-चुन यांचं त्रिरंगी चक्राकार बोधचिन्ह, किम ह्यून यांचा वाघ होदोरी, त्याच्या टोपीच्या रिबिनीचा इंग्रजी 'एस'सारखा झोका. जगाने ते उचलून धरलं. पण त्यानंतर 'कोरियनपणा' म्हणजे जुनी नक्षी घेऊन ती आधुनिक पद्धतीने सोपी करणं, असा सुटसुटीत नियमच होऊन बसला. १९३२ च्या प्रदर्शनातल्या 'स्थानिक रंगा'च्या मागणीहून हे किती वेगळं होतं? १९९० च्या दशकातल्या समीक्षकांनी हा प्रश्न धारदारपणे विचारला. चोई बोम यांनी सरकारी निर्यातवादावर सातत्याने लिहिलं. किम मिन-सू यांनी यी सांगला डिझाइनच्या इतिहासात आणलं, आणि १९९६ मध्ये आपल्याच विद्यापीठातल्या जुन्या नामवंत प्राध्यापकांचं जपानी राजवटीतलं वर्तन एका निबंधात मांडलं. १९९८ मध्ये सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत त्यांची पुनर्नियुक्ती नाकारली गेली. लांबलेल्या कोर्टकचेरीनंतर २००५ मध्ये ते परतले. डिझाइनचा इतिहास कुठून सुरू करायचा, या वादाची किंमत एका प्राध्यापकाने नोकरीच्या सहा-सात वर्षांनी चुकवली, एवढा तो खोल होता.

त्यानंतरचं काम जास्त शांतपणे पण चिकाटीने चाललं आहे. सोलमध्ये २०१४ ला राष्ट्रीय हानगुल संग्रहालय उघडलं, आणि चोई जोंग-होच्या हातच्या मूळ अक्षरांना तिथे प्रदर्शनाची जागा मिळाली. ए-५०१ रेडिओ आता सरकार-दरबारी नोंदलेला सांस्कृतिक वारसा आहे. २०२२ मध्ये ग्वाचोनच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने हान होंग-थेकची पोस्टरं, आरेखनं आणि कागदपत्रं लोकांसमोर मांडली, तेव्हा टोकियोचा विद्यार्थी, स्वतंत्र कोरियाचा संघटक आणि अमेरिकी मदतीच्या काळातला डिझाइनर हा एकच माणूस होता, हे एका दालनात पाहता आलं. ज्या वर्गात १८५१ चं लंडन शिकवलं जातं, त्याच वर्गात आता त्याच्या वस्तूंवर प्रबंध लिहिले जाऊ लागले आहेत.